बाई मोडते तेव्हा घरात कोण असतं?

आमच्या फिल्म क्लबात गेल्या पावसाळ्यात 'द पियानो टीचर' दाखवला. मिशाएल हानेकेचा, २००१ सालचा, इझाबेल ह्युपेरला ज्यासाठी कान महोत्सवात बक्षीस मिळालं तो. सिनेमा संपला, दिवे लागले, थोडा वेळ कोणी बोलेना, सगळे आपापल्या छत्र्या शोधत होते आणि मग चर्चेत पहिला शब्द आला तो 'ब्रेव्ह'. काय ब्रेव्ह परफॉर्मन्स आहे! मागून कोणीतरी म्हणालं, फिअरलेस. मी वीसेक वर्षं असल्या चर्चांना बसत आलेय आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आलीये, नटीचं काम 'ब्रेव्ह' ठरतं तेव्हा तिनं त्यात एकतर कपडे काढलेले असतात, किंवा स्वतःला इजा केलेली असते, नाहीतर निदान जमिनीवर लोळून किंचाळलेली तरी असते. पुरुष नटाला हा शब्द लावलेला मी फारसा ऐकला नाही. तो नुसता 'ग्रेट' असतो.

तासभर चर्चा झाली. सगळी एरिकाच्या, म्हणजे त्या पियानो शिकवणाऱ्या बाईच्या, विकृतीवर, त्या तरुण विद्यार्थ्याशी तिच्या संबंधावर, फ्रॉइडवर. एक गृहस्थ आम्हा चारपाच बायकांकडे बघून बाईच्या मनात नेमकं काय चालतं ते समजावून सांगत होते, आम्हीही ऐकून घेतलं, पाऊस होता, जाणार कुठं. पण त्या सिनेमाची सुरुवात कशानं होते? चाळिशीच्या आसपासची, नोकरी करणारी, व्हिएन्नातल्या संगीत महाविद्यालयात शिकवणारी बाई घरी यायला उशीर करते म्हणून तिची आई दारातच तिची पर्स उलटीपालटी करते, तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेला ड्रेस सापडतो म्हणून दोघींची झोंबाझोंबी होते, ड्रेस फाटतो. त्याच घरात दोघी एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपतात. सगळं तिथंच आहे ना! पण तासाभरात आईचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. आई इंटरेस्टिंग नसते. आई म्हणजे घर, आणि घराला आर्ट फिल्मच्या चर्चेत जागा नसते.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. समांतर म्हणा, आर्ट म्हणा, या सिनेमाला त्रासलेली बाई फार प्रिय आहे, पण बहुतेक वेळा त्याला तिचा चेहरा हवा असतो, तिचं घर नको असतं. घर म्हणजे मी चार भिंती म्हणत नाहीये. सकाळी काय शिजलं, पैसे कोणाच्या हातात असतात, पोरांना कोण बघतं, बाई मोडली तर तिच्याजवळ रात्री कोण झोपतं, हे सगळं. खऱ्या आयुष्यात बाई मोडते तेव्हा तिच्याभोवती बायकांचीच गर्दी होते, बहीण येते, आई येते, शेजारीण डबा आणते, कामवाली दोन दिवस जास्तीचं करते, नणंद तोंड वाकडं करून का होईना पोरं सांभाळते. सिनेमात मात्र ती एकटी. समुद्राकडे बघत. किंवा खिडकीतून. (खिडक्या नसत्या तर युरोपियन सिनेमाचं काय झालं असतं कोणास ठाऊक.)

इटलीच्या अंतोनिओनीचा 'रेड डेझर्ट' घ्या, १९६४ चा, त्याचा पहिला रंगीत. देखणा आहे, वादच नाही, पाहिजे तो रंग मिळावा म्हणून त्यानं गवतझाडंसुद्धा रंगवून घेतली होती. मोनिका विट्टी त्या रावेन्नाच्या कारखान्यांच्या धुरात हिरवा कोट घालून फिरते आणि तिला काहीतरी झालंय. काय झालंय? आधुनिकता झालीये. म्हणजे कारखाने, यंत्रं, परकेपण. तिला एक लहान मुलगाही आहे, पण तो तिच्या आजाराला शोभून दिसेल इतकाच. बाईचं दुखणं हे साऱ्या युगाचं दुखणं म्हणून वापरायचं ही युक्ती त्या काळात जोरात होती आणि मला ती आता कंटाळवाणी वाटते. युगाला काही झालं असेल तर युगानं डॉक्टरकडे जावं.

ही नुसती माझी चिडचिड आहे असं समजू नका, कारण चेहऱ्याच्या या हव्यासाची किंमत खऱ्या बायकांनी मोजलीये. 'लास्ट टँगो इन पॅरिस' १९७२ चा. त्यातली नटी मारिया श्नायडर तेव्हा १९ वर्षांची होती. त्यातला जो कुप्रसिद्ध बलात्काराचा प्रसंग आहे त्यात लोणी वापरायचं हे दिग्दर्शक बर्तोलुची आणि नट मार्लन ब्रँडोनं शूटिंगच्या दिवशी सकाळी ठरवलं आणि तिला मुद्दाम सांगितलं नाही. हे आरोप म्हणून नाही सांगत, बर्तोलुचीनं स्वतः २०१३ च्या मुलाखतीत सांगितलं की त्याला तिची नटी म्हणून नाही तर मुलगी म्हणून प्रतिक्रिया हवी होती. प्रसंग खोटा होता, अभिनयच होता, पण तिचं रडणं खरं होतं असं तिनं २००७ साली सांगितलं होतं, आपल्याला अपमानित वाटलं असंही सांगितलं होतं. तिचं सांगणं तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. ती २०११ मध्ये गेली. दिग्दर्शकानं तेच कबूल केल्यावर मात्र, तेही आणखी तीन वर्षांनी, जगभर गदारोळ झाला. म्हणजे बाईवर काय गुदरलं हे बाईनं सांगून पुरत नाही.

आपल्याकडेही बघा. 'चक्र', जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, झोपडपट्टीतल्या अम्माची गोष्ट, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीत बाईला आंघोळीला आडोसा नसतो, उघड्यावरच करावी लागते, म्हणून तो आंघोळीचा प्रसंग सिनेमात आहे. बरोबर आहे, असायलाच पाहिजे. पण तोच प्रसंग नंतर जाहिरातीच्या पोस्टरवर गेला! स्मितानं मुलाखतीत यावर स्पष्ट नाराजी सांगितलीये, की बाईचं अर्धं उघडं शरीर दाखवून प्रेक्षक ओढायचा हे चूक आहे म्हणून. पडद्यावर जे आडोसा नसण्याचं दुःख होतं, ते पोस्टरवर गेलं की नुसतं ओलं अंग उरलं. घर कापून टाकलं की हे असं होतं.

आता 'अर्थ'. १९८२. हा सिनेमा मला आवडतो आणि त्याच्यावर माझा रागही आहे. गोष्ट आपल्या आयुष्यातून घेतलीये हे महेश भट्टांनी अनेकदा सांगितलंय, आणि कविता ही नवऱ्याच्या प्रेयसीची व्यक्तिरेखा नटी परवीन बाबीवरून आली हेही लपून राहिलेलं नाही. स्मिता पाटीलची कविता बघताना अंगावर काटा येतो, दुसऱ्या बाईचं मंगळसूत्र तुटून त्याचे मणी आपल्या पायाखाली येतायत असं तिला वाटतं तो प्रसंग कोण विसरेल. पण विचार करा, ती आजारी बाई, परवीन, तेव्हा अजून जिवंत आहे, तिला काय झालंय यावर सगळे बोलतायत, सिनेमे निघतायत, आणि तिनं स्वतः मात्र ते निदान नाकारलेलं होतं. तिचं म्हणणं बरोबर होतं का चूक ते मला ठरवायचं नाहीये, मी डॉक्टर नाही. २००५ मध्ये ती आपल्या फ्लॅटमध्ये एकटीच गेली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावरून आणखी एक सिनेमा आला.

तरी 'अर्थ' मला सोडवत नाही, त्याचं कारण कविता नाही आणि खरं तर शबानाची पूजा, नवऱ्यानं सोडलेली बायको, तीही नाही. त्याचं कारण रोहिणी हट्टंगडीनं केलेली मोलकरीण. नवरा तिचे पैसे घेऊन जातो, ते पैसे तिनं पोरीच्या शाळेसाठी साठवलेले असतात, ती त्याला मारून टाकते आणि पोलिसांकडे जाते, आणि तिला चिंता एकच, पोरीचं काय. पूजा ती पोर घेते. तिचा स्वतःचा नवरा माफी मागत परत येतो त्याला नाही म्हणते, प्रेम करणाऱ्या गायकालाही नाही म्हणते आणि कामवालीच्या पोरीला हो म्हणते. सिनेमाच्या जाहिरातीत हे कुठं नव्हतं, लोक गझला गुणगुणत बाहेर आले, पण एका मोडलेल्या बाईचा हात दुसऱ्या मोडलेल्या बाईच्या पोरीच्या हातात, हे त्यातलं सगळ्यात खरं नातं आहे.

आणि मग हंसा वाडकर. हिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, इलाज नाही. रतन साळगावकर हे तिचं मूळ नाव, लहानपणीच घर चालवायला सिनेमात आली, प्रभातची संत सखू झाली १९४१ मध्ये आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये तमासगिरीण. एकाच बाईच्या अंगात संत आणि तमासगिरीण दोन्ही मावतात हे मराठी प्रेक्षकानं तिकीट काढून बघितलंय, आणि तरी बाई एक तर अशी नाहीतर तशी हा आपला हट्ट काही जात नाही. १९७० मध्ये तिचं आत्मकथन आलं, नाव तेच, 'सांगत्ये ऐका', शब्दांकन अरुण साधूंचं. दारू, पुरुष, घर सोडून जाणं, परत येणं, मूल, पैसा, सगळं ती सांगून मोकळी होते, आणि सांगते कशी, तर चहा पिता पिता सांगावं तशी, मध्येच पुढचं आठवतं, मध्येच मागचं, आणि स्वतःला सोडूनही देत नाही. माझ्या आईच्या कपाटात हे पुस्तक साड्यांच्या खाली असायचं. का खाली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे पटकथेत, स्मिता पुन्हा, पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार. मोठा सिनेमा आहे. पण पुस्तक वाचून सिनेमा बघा, एक फरक लगेच जाणवतो. पुस्तकात हंसाबाई सांगतात, सिनेमात उषा (हंसाबाईंवरून घेतलेली नायिका) सोसते. पुस्तकातली बाई हसते सुद्धा, शिव्या घालते, स्वतःच्या मूर्खपणाची मजा घेते. सिनेमातली उषा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते, नवरा केशव, नट राजन, दिग्दर्शक सुनील, मग तो जमीनदार विनायक काळे, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तिचा तोच थकलेला, सुंदर, अबोल चेहरा. म्हणजे बडबड्या बाईला सिनेमानं गप्प केलं आणि आपण त्याला खोली म्हणालो. (दुबेंचे संवाद चांगले आहेत, ते मान्य.)

मात्र 'भूमिका'ला मी एका प्रसंगासाठी सगळं माफ करते. काळेंच्या वाड्यात उषाला बाहेर पडायची परवानगी नाही, काळेंच्या पोराला जत्रेला न्यायचं तर तेही नाही, आणि ती शेवटी निघायला बघते तेव्हा काळेंची अंथरुणाला खिळलेली पहिली बायको तिला जे सांगते ते असं की, बिछाने बदलतात, स्वयंपाकघरं बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत. सवतीनं सवतीला सांगितलंय हे! चारही पुरुषांनी मिळून उषाला जे कळू दिलं नाही ते एका पलंगावर पडलेल्या बाईनं दोन ओळीत सांगितलं. आणि ती बाई पुन्हा दिसत नाही. मला नेहमी वाटतं की तिच्यावर सिनेमा पाहिजे होता, तिच्या खोलीत दिवसभर काय चालत असेल, औषध कोण देत असेल, उषा आल्यावर तिला वाईट वाटलं का बरं वाटलं.

आता कोणी म्हणेल, बाईंना रटाळ सिनेमा पाहिजे, औषध कोण देतं म्हणे. तर हो, पाहिजे, आणि तो ऑलरेडी झालेलाही आहे. शांताल आकरमान नावाची बेल्जियन पोरगी, पोरगीच, पंचविशीची, तिनं १९७५ मध्ये 'जान डीलमन' केला. २०१ मिनिटांचा. ब्रसेल्समधली विधवा, एक शाळकरी मुलगा, ती तीन दिवस काय करते ते. भांडी घासते, बटाटे सोलते, दुपारी एक गिऱ्हाईक येतं त्याच्याकडून पैसे घेते, ते सूपच्या भांड्यात ठेवते, अंघोळ करून टब घासते, पुन्हा बटाटे. आजूबाजूच्या बायकांना लहानपणी जे करताना बघितलं तेच आपण दाखवलं असं आकरमान म्हणायची. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात तो जगातला सर्वोत्तम सिनेमा ठरला, बाईनं केलेला सिनेमा त्या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यावरही कितीतरी लोक चिडले.

मी तो माझ्या आत्याला दाखवला. आत्या ७४ वर्षांची, सबटायटल्स वाचत नाही, पण यात संवादच कमी म्हणून म्हटलं बघेल. पहिला तासभर ती मेथी निवडत बसली होती. मग दुसऱ्या दिवशीचे बटाटे जास्त शिजतात आणि ती जान भांडं हातात घेऊन घरभर फिरते, कुठं ठेवू, काय करू, तिथं आत्यानं मेथी बाजूला ठेवली. म्हणाली, "हिचं काहीतरी बिघडलंय गं." अजून सिनेमात काहीच झालेलं नव्हतं, खून व्हायला दीडेक तास होता! तिकडचे समीक्षक ज्यावर पानंच्या पानं लिहितात ते आत्याला एका पातेल्यावरून कळलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "फेकायला कशाला पाहिजे होते पण, फोडणी देऊन भाजी झाली असती." ही समीक्षा मला कुठं छापून आलेली दिसली नाही.

तेव्हा घर दाखवायला बाईच दिग्दर्शक लागते का? लागतेच असं मी म्हणणार नाही. जॉन कॅसाव्हेट्सचा १९७४ चा 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' पुरुषानंच केलाय, मूळ मात्र त्याच्या बायकोचं, जीना रोलँड्सचं, तिला आजच्या बाईच्या कटकटींवरचं नाटक हवं होतं, त्यानं लिहिलं ते इतकं जड की रोज रंगमंचावर करणं अशक्य, म्हणून सिनेमा झाला. पैसे कोणी देईना तर घर गहाण टाकलं. त्यात रोलँड्सची मेबल 'वेडी' आहे. पण कशी? नवरा रात्रपाळी संपवून दहाबारा मजूर सकाळी सकाळी घरी घेऊन येतो आणि ती सगळ्यांना स्पॅगेटी करून वाढते, खूश होते, प्रत्येकाला नाव विचारते, एकाला नाच म्हणते, आणि नवरा तिच्यावर ओरडतो, सगळं टेबल गप्प. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत हे झालंय, पाहुण्यांसमोर बाई जरा जास्त हसली म्हणून. तिला हॉस्पिटलात पाठवायचं ठरवताना सासू असते, आई असते, आणि गंमत म्हणजे सासूचं काम कॅसाव्हेट्सच्या खऱ्या आईनं केलंय आणि आईचं काम रोलँड्सच्या खऱ्या आईनं. त्या सिनेमात वेड एकट्या बाईचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं आहे, नवरा तिच्यापेक्षा कमी वेडा आहे असं छातीठोक कोणी सांगू शकणार नाही, फक्त तो कमावतो. शेवटी इतका तमाशा झाल्यावर दोघं मिळून टेबल आवरतात, पलंग घालतात. बस.

मराठीत हा विषय निघाला की 'उंबरठा' येतोच. १९८२, जब्बार पटेल, तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून. आमच्या पिढीच्या बायकांना त्या सिनेमानं काय दिलं हे मी नाकारणार नाही, मी स्वतः तो पाहून दोन दिवस नीट जेवले नव्हते. पण आता पाहताना माझं लक्ष नायिका सुलभाकडे कमी आणि तिच्या जावेकडे जास्त जातं. सुलभा महिलाश्रमात नोकरीला जाते, ठीक आहे, जावंच, पण तिची मुलगी कोण सांभाळतं? मूल नसलेली जाऊ. ती पोर हळूहळू जावेची होते. हे नातं केवढं अवघड आहे, त्यात माया आहे, लोभ आहे, सूडही असेल थोडा, आणि सुलभाला परत आल्यावर नवऱ्याच्या बाहेरख्यालीपेक्षा कदाचित हेच जास्त लागलं असेल. पण चर्चा कायम नवराबायकोची. उंबरठा ओलांडणाऱ्या बाईवर आपण चाळीस वर्षं लिहितोय आणि उंबरठ्याच्या आत राहून तिचं पोर वाढवणाऱ्या बाईवर कोणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्रासलेल्या बायका दाखवू नका, सशक्त दाखवा, असं म्हणणाऱ्यातली मी नाही हेही सांगून टाकते. ते 'सशक्त स्त्री व्यक्तिरेखा' प्रकरण तर मला आणखी डोकेदुखी वाटतं, हातात पिस्तूल दिलं की झाली सशक्त. उलट मोडलेल्या बायका हव्यात, भरपूर हव्यात, पण त्या कुणाच्या तरी कोणीतरी असाव्यात.

सुमित्रा भावे हे करायच्या, सुनील सुकथनकरांबरोबर. सिनेमाचं शिक्षण घेतलेल्या नव्हत्या, समाजकार्यातून आलेल्या, पहिली 'बाई' ही छोटी फिल्म १९८५ ची, वस्तीतल्या बाईवरची. म्हणून असेल, त्यांना चेहऱ्याचं कौतुक कमी होतं. 'दोघी' १९९५ चा आठवा. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो, घरावर आभाळ कोसळतं, पोर पांढऱ्या पायाची ठरते आणि तिला मुंबईला पाठवतात, कुठल्या धंद्याला ते सगळ्यांना कळतं. दुसऱ्या कोणा दिग्दर्शकानं कॅमेरा तिच्यामागे मुंबईला नेला असता, खोली, आरसा, लाल दिवा, आणि रेणुका दफ्तरदारला 'ब्रेव्ह' म्हटलं गेलं असतं. इथं सिनेमाचा जीव गावात आहे, धाकटी कृष्णा आणि आई यांच्यात. ताईचं काय झालं हे बहिणीला विचारायचंय आणि आईला ऐकायचं नाहीये. शरम ही कशी दोन बायकांमध्ये, चुलीपाशी, न बोलता राहते हे मी एवढ्या नीट दुसरीकडे पाहिलेलं नाही. उत्तरा बावकरांच्या त्या आईचा राग येतो आणि ती आपल्याच घरातली निघते.

आणि 'कासव', ज्याला सुवर्णकमळ मिळालं. इरावती हर्षेची जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली, घटस्फोटित. नेहमीच्या हिशोबानं तिला समुद्राकडे बघत बसवायला काहीच हरकत नव्हती, समुद्र तर आहेच त्यात. पण तिला वाटेत एक मोडलेला मुलगा भेटतो आणि ती त्याला घरी आणते, नाव विचारत नाही, काय झालं विचारत नाही, जेवायला वाढते. आपण स्वतः आजारी होतो तेव्हा लोकांनी काय विचारायला नको होतं हे तिला माहीत आहे, तेवढंच तिचं शहाणपण. हा सिनेमा मी क्लबात सुचवला होता. 'जरा सोपा आहे' असं उत्तर आलं.

पुढच्या महिन्यात लार्स फॉन ट्रायर आहे. 'ब्रेकिंग द वेव्ह्ज'. एमिली वॉटसनची बेस त्यात नवऱ्यावरच्या प्रेमापायी जे जे करते ते बघून चर्चेत पहिला शब्द कुठला येणार हे मी आजच सांगू शकते. त्यातही एक भावजय आहे बरं का, डोडो नावाची, भावाची विधवा, नर्स, ती बेसला शेवटपर्यंत सोडत नाही. आत्याला म्हटलं येतेस का, तर तिनं विचारलं, स्वयंपाकघर आहे का त्यात?